ठपक्याचं उत्तर

(आपल्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून द्या असा संपादक मंडळींचा आग्रह झाला, म्हणून आठवेल तसं उतरवून काढलं आहे. वेळेअभावी त्या दिवशी राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी यात घातल्या आहेत.)

आदरणीय गुरुजनहो, आणि १९७९ साली दहावीच्या बाकांवर माझ्या शेजारी, पुढे, मागे बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना 'सीमेवरचे थरारक अनुभव ऐकू या' असं सांगितलं. तुमची निराशा करतो, माफ करा. मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होतो. आमचं काम आटा, डाळ, तेल, रॉकेल, गाड्या आणि खेचरं यांचं. बंदूक चालवणाऱ्याच्या पोटात अन्न आणि शेगडीत तेल पोचवायचं, हीच आमची लढाई. त्यामुळे थरार कमी आणि रजिस्टरं जास्त.

आज मी तुम्हाला माझ्या नोकरीतली अभिमानाची नव्हे, तर ठपक्याची गोष्ट सांगणार आहे. पदकाची गोष्ट सगळेच सांगतात. ठपक्याची कुणी सांगत नाही, आणि तुमच्या-आमच्या आयुष्यात पदकांपेक्षा ठपकेच जास्त येतात.

आधी एक विचारतो. इथे शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, ग्रामसेवक आहेत, दोघी परिचारिका आहेत, साखर कारखान्यातले तर निम्मे आहेत. नोकरीत एकदा तरी 'कारणे दाखवा' नोटीस मिळालेल्यांनी हात वर करा. (हशा.) बघा! आणि ज्यांनी हात वर केला नाही त्यांची बायको शेजारी बसली आहे, म्हणून केला नाही.

तर लष्करातही ही नोटीस असते. आपल्या लोकांचा समज असा, की फौजेत साहेबाने झापलं, सॅल्यूट ठोकला, विषय संपला. तसं नाही. तोंडी झापणं रोज असतं, त्याला कुणी मोजत नाही. पण लेखी ठपका ही वेगळी गोष्ट. तिचे दोन रस्ते आहेत. एक, १९५० च्या आर्मी ॲक्टखालची शिक्षा. त्यात 'रेप्रिमांड' आणि 'सिव्हिअर रेप्रिमांड', म्हणजे ठपका आणि कडक ठपका, या नाव घेऊन सांगितलेल्या शिक्षा आहेत. दुसरा रस्ता प्रशासकीय. गुन्हा म्हणून खटला भरत नाहीत, पण वरिष्ठ कमांडर लेखी कळवतो की तुमच्या वागण्याबद्दल मी नाराज आहे. याला आम्ही 'सेन्शर' म्हणतो. त्यात 'नाराजी' आणि 'तीव्र नाराजी' असे प्रकार, आणि नोंद होणारी व नोंद न होणारी असाही फरक. 'नाराजी' हा शब्द ऐकायला किती मऊ आहे! सासूबाई नाराज आहेत, असं आपण म्हणतो. पण नोंद झालेली नाराजी तुमच्या कागदपत्रांत जाऊन बसते आणि बढतीच्या वेळी तुमच्या आधी दारात उभी राहते.

हा दुसऱ्या रस्त्याचा ठपका देण्याआधी कारणे दाखवा नोटीस येते. तुमच्यावर काय आरोप आहे, तो कशावरून, आणि तुम्हाला ठपका का देऊ नये याचं लेखी उत्तर अमुक दिवसांत द्या. हे उत्तर कसं लिहावं, याचा धडा मला कुठे मिळाला ते सांगतो. अकादमीत नाही. आपल्या शाळेत, नववी 'ब' मध्ये.

छत्रीवाले सर आठवतात ना? इतिहासाचे. उन्हाळा असो, पावसाळा असो, काळी छत्री हातात. सर आज आपल्यात नाहीत. सरांनी एकदा वर्गात शिवाजी महाराजांच्या एका पत्राची हकिकत सांगितली होती. १६७५ सालचं पत्र. मुरूडच्या समुद्रात, जंजिऱ्यासमोर महाराज पद्मदुर्ग उभा करत होते. आरमाराचे दौलतखान आणि दर्यासारंग तिथे होते. त्यांना पैसा आणि धान्य पोचवण्याचं काम प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांच्याकडे होतं. ते वेळेवर पोचलं नाही. तेव्हा महाराजांनी सुभेदारांना असं पत्र लिहिलं, की वाचताना आजही कान लाल व्हावेत. तुम्हाला सिद्दीने फितवलं आहे की काय, इथवर विचारलं. आणि ब्राह्मण आहात म्हणून गय होणार नाही, हेही बजावलं.

सरांनी हे सांगितलं आणि मी, नेहमीचा आगाऊ, उठून विचारलं, "सर, मग सुभेदारांनी काय उत्तर दिलं?"

सर म्हणाले, "ते पुस्तकात नाही. तूच लिहून आण. सगळ्यांनीच लिहून आणा."

आम्ही लिहून आणलं. काय लिहिलं असेल? कुणी लिहिलं समुद्र खवळला होता. कुणी लिहिलं होड्या नव्हत्या. एकाने सुभेदारांच्या आईला आजारी पाडलं. (तो आज इथे पहिल्या रांगेत बसला आहे. नाव सांगत नाही.) मी दोन पानं भरून लिहिलं होतं, की मी महाराजांचा किती निष्ठावंत सेवक आहे आणि माझ्या घराण्याने किती सेवा केली. मला वाटलं, सर शाबासकी देतील.

सरांनी माझी वही उघडली आणि वर्गासमोर म्हणाले, "महाराजांनी काय विचारलं? धान्य का पोचलं नाही. तू काय सांगितलंस? तू किती चांगला आहेस. हे उत्तर झालं का?" मी मान खाली घातली. मग सर म्हणाले, "आता हेच उत्तर पद्मदुर्गावर जो उपाशी बसला आहे ना, त्याला वाचून दाखव. वाचवतंय का बघ."

नाही वाचवलं. वर्ग हसला, मी बसलो, घंटा झाली. आणि मी ते विसरूनही गेलो.

आता एकदम लडाखला चला. १९९० नंतरची पहिली दोन-तीन वर्षं. मी कॅप्टन होतो. श्रीनगरकडून लडाखला जाणारा रस्ता जोजिला खिंडीतून जातो, सुमारे साडेअकरा हजार फुटांवरून. त्या काळी हिवाळ्यात ही खिंड बर्फाने कित्येक महिने बंद असायची. म्हणून ती बंद होण्याआधी पुढच्या साऱ्या हिवाळ्याचं सामान वर चढवून ठेवायचं. आपल्याकडे बेगमी म्हणतात तसंच. आई मे महिन्यात पापड-कुरडया, तिखट-मीठ भरून ठेवायची, तशी आम्ही उन्हाळ्यात फौजेची बेगमी करायचो. फरक एवढाच, की पापड संपले तर कुणाचं अडत नाही.

या सगळ्यात रॉकेल ही जीवनावश्यक गोष्ट. तिथे पाणी नसतं, बर्फ असतो. बर्फ वितळवायचा तर स्टोव्ह हवा. स्वयंपाक, ऊब, बूट-मोजे वाळवणं, सगळं त्यावर. रॉकेल नाही म्हणजे पाणी नाही. हे रॉकेल वीस-वीस लिटरच्या जेरीकॅनमधून खेचरांवर लादून पुढच्या चौक्यांवर जायचं.

एका चौकीसाठी शेवटची खेप निघायची होती. एकशे वीस जेरीकॅन. नियम असा, की भरलेला डबा झाकण खाली करून काही वेळ ठेवायचा, गळत नाही ना ते बघायचं, मगच लादायचा. माझ्या हाताखालचे हवालदार गढवालचे होते. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, मितभाषी माणूस. ते आदल्या संध्याकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साब, ढक्कन के वॉशर कड़क हो गए हैं. रास्ते में लीक करेंगे." थंडीने रबर कडक होतं, तडकतं. नवे वॉशर मी दोन महिन्यांपूर्वी मागवले होते, दोनदा आठवणही केली होती, पण आले नव्हते. आकाश भरून आलं होतं. आज खेप गेली नाही तर वाट बंद होणार, हे दिसत होतं. मी म्हणालो, "जाने दो." आणि रजिस्टरात 'तपासले' या रकान्यात एकशे वीस जेरीकॅनसमोर सही केली. प्रत्यक्षात मी वीसेक पाहिले होते.

पोचेपर्यंत एकतीस जेरीकॅन कमी-जास्त गळून गेले होते. त्यानंतर हवामान बिघडलं. दुसरी खेप पोचायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत चौकीवर रॉकेल फक्त बर्फ वितळवायला वापरलं गेलं. त्या चौकीवरच्या एका जवानाला हिमदंश झाला आणि पुढे त्याच्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

मी हे इतक्या वर्षांनी सांगतोय तरी इथे थांबायला होतं.

चौकशी बसली. आमच्याकडे कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणतात. नावात कोर्ट आहे पण ते न्यायालय नव्हे, अधिकाऱ्यांचं मंडळ असतं, सत्य काय ते शोधण्यासाठी. तिथे एक नियम फार महत्त्वाचा आहे, १९५४ च्या आर्मी रूल्समधला एकशे ऐंशीवा. ज्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी लौकिकावर चौकशीत शिंतोडा उडण्याची शक्यता आहे, त्याला चौकशीत पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर राहू द्यायचं, आपलं म्हणणं मांडू द्यायचं, आपले साक्षीदार आणू द्यायचे आणि समोरच्या साक्षीदाराला प्रश्न विचारू द्यायचे. मग तो कॅप्टन असो की शिपाई. या नियमाचा मला फार आदर आहे आणि त्याच नियमाने मला त्या दिवशी उघडं पाडलं.

झालं असं, की माझी साक्ष झाली. मला विचारलं, तपासणी कशी झाली, सही कुणाची. मी खरं सांगितलं. पण हवालदारांनी आदल्या दिवशी तुम्हाला काही सांगितलं होतं का, असा थेट प्रश्न कुणी विचारला नाही आणि मी आपणहून सांगितलं नाही. खोटं बोललो नाही, एवढंच मी स्वतःला समजावलं. मग अध्यक्षांनी हवालदारांना विचारलं, "तुम्हाला या साक्षीदाराला काही प्रश्न विचारायचा आहे?" हवालदार उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीन-चार सेकंदच असतील. म्हणाले, "कोई सवाल नहीं, साब."

एक प्रश्न विचारला असता तर ते मोकळे झाले असते. त्यांनी तो माझ्यासाठी ठेवून दिला.

काही आठवड्यांनी मला नोटीस आली. सोबत चौकशीच्या कागदांची प्रत. तीन आरोप. पहिला, प्रत्यक्ष तपासणी न करता तपासल्याची सही केली. दुसरा, खराब वॉशर बदलण्यासाठी वेळेत मागणी केली नाही. तिसरा, हाताखालच्या हवालदाराने दोष कळवला नाही आणि त्याच्यावर माझी देखरेख कमी पडली. उत्तराला पंधरा दिवस. हवालदारांच्या प्रकरणाचा निर्णय माझ्या प्रकरणाबरोबर व्हायचा होता.

पहिल्या रात्री मी अकरा पानं लिहिली. संताप नुसता! वॉशर पाठवले नाहीत ते कोण, हवामानाचा अंदाज चुकला तो कुणाचा, खेप उशिरा मंजूर केली ती कुणी, आणि मलाच का. लिहून झाल्यावर फार बरं वाटलं. सकाळी ती पानं आमच्या हेडक्लार्क सुभेदारसाहेबांना टाइप करायला दिली. ते सोलापूरकडचे. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, आणि मराठीत म्हणाले, "साहेब, हे टाइप करतो, पण पाठवू नका. पेटीत ठेवा." मग त्यांनी एक वाक्य सांगितलं, ते तुम्ही लिहून घ्या. "नोटिशीत जेवढे परिच्छेद, तेवढेच उत्तरात. विचारलंय तेवढ्याचं, विचारलंय त्या क्रमाने. आणि प्रत्येक वाक्याखाली एक कागद पाहिजे."

दुसरा मसुदा मी रडगाण्याचा लिहिला. आतापर्यंतची सेवा निष्कलंक आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया करावी. तो वाचताना मात्र मला नववी 'ब' आठवली. तू किती चांगला आहेस, हेच मी पुन्हा लिहीत होतो! रॉकेल का पोचलं नाही, ते त्यात कुठेच नव्हतं.

तेवढ्यात एक वरिष्ठ मेजर भेटायला आले. माझं भलं व्हावं असंच त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी नोटीस वाचली आणि म्हणाले, "पहिला आरोप मान्य कर, सही तुझीच आहे. दुसरा कागद दाखवून खोडून काढ. तिसऱ्याला हात लावू नकोस. हवालदाराने सांगितलं होतं याला ना कागद, ना साक्षीदार. देखरेखीत थोडं कमी पडलो म्हण. हलकं होईल. तू तरुण आहेस, पुढे खूप नोकरी आहे."

मित्रांनो, हा सल्ला वाईट माणसाचा नव्हता. आणि त्यात एकही खोटं वाक्य लिहायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. चौकशीत गप्प बसलो होतोच की!

त्या रात्री मी सरांची परीक्षा स्वतःला लावली. हे उत्तर पद्मदुर्गावरच्या माणसाला वाचून दाखव. मी समजा तसं लिहिलं, तर ते हवालदारांना वाचून दाखवता येईल का? ज्याची दोन बोटं गेली त्याला दाखवता येईल का? नाही येणार. मग ते उत्तर नव्हे, ती सबब.

तिसरा मसुदा दोन पानांचा झाला. पहिल्या परिच्छेदात लिहिलं, आरोप खरा आहे. मी सुमारे वीस जेरीकॅन पाहिले आणि एकशे वीसवर सही केली. दुसऱ्यात लिहिलं, हा आरोप बरोबर नाही. मागणीची तारीख ही, दोन स्मरणपत्रांच्या तारखा या, नकला सोबत जोडल्या आहेत. कुणालाही नावं ठेवली नाहीत, विशेषणं लावली नाहीत. तारखाच पुरेशा बोलतात. तिसऱ्यात लिहिलं, हवालदारांनी दोष मला आदल्या संध्याकाळी तोंडी कळवला होता. खेप पाठवण्याचा निर्णय माझा. कारण असं, की वाट बंद होण्याची चिन्हं होती आणि चौकीवरचा साठा कमी होता. तो निर्णय त्या वेळी मला बरोबर वाटला, पण डबे वेगळे काढून, निदान चौकीला तसं कळवून तो घ्यायला हवा होता. ही गोष्ट मी चौकशीत सांगायला हवी होती, ती सांगितली नाही, हेही माझं चुकलं. देखरेखीच्या आरोपातला हवालदारांशी संबंधित भाग वगळावा, ही विनंती.

म्हणजे नोटिशीत नव्हती ती चूकही मीच लिहून दिली. सुभेदारसाहेबांनी टाइप करताना एकदा माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "एक प्रत स्वतःकडे ठेवा, आणि पोच घ्या."

पाठवण्याआधी मी हवालदारांना बोलावलं आणि तिसरा परिच्छेद हिंदीत वाचून दाखवला. ते ऐकून घेऊन म्हणाले, "ठीक है, साब." एवढंच. सिनेमात असतं तसं काही झालं नाही. ना त्यांचे डोळे भरून आले, ना आम्ही गळ्यात पडलो.

निकाल ऐकायचाय? मला 'तीव्र नाराजी' मिळाली, नोंद होणारी. दुसरा आरोप सोडून दिला होता. हवालदारांवर काही कारवाई झाली नाही. पुढे ते नायब सुभेदार झाले, असं मला कळलं. मी लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो, त्यापुढची पायरी मला मिळाली नाही. ती या ठपक्यामुळे की आणखी कशामुळे, ते सांगायला कुणी बांधील नसतं, आणि मीही ठरवून टाकलं की तो हिशेब मांडत बसायचं नाही. खरं लिहिलं म्हणून सगळं गोड झालं, असं मी तुमच्या नातवंडांना सांगणार नाही. खरं लिहिल्याची किंमत असते. न लिहिल्याचीही असते, ती मात्र रात्री दोन वाजता वसूल होते.

त्या ठपक्याविरुद्ध दाद मागता आली असती. आर्मी ॲक्टच्या सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्या कलमात जवानाला आणि अधिकाऱ्याला तक्रारीचा हक्क दिला आहे. आता तर २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. ज्यांची मुलं फौजेत आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं. अन्याय झाला असेल तर दाद मागणं म्हणजे बेशिस्त नव्हे. शिस्तीनेच तो रस्ता आखून दिला आहे. पण त्याच कायद्यात छप्पन्नावं कलमही आहे. तक्रार करताना जाणूनबुजून दुसऱ्यावर खोटा आळ घेतला, किंवा महत्त्वाची गोष्ट मुद्दाम दडवली, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. हक्क आणि जबाबदारी कायद्याने शेजारी-शेजारी बसवली आहेत, आपल्या बाकांसारखी. मी दाद मागितली नाही, कारण मला मिळालेला ठपका खरा होता.

आता तुमच्या-आमच्यातलं बोलतो. आपण बहुतेक निवृत्त झालो. पण मुलं-सुना-जावई नोकऱ्यांत आहेत. उद्या कुणाच्या घरी अशी नोटीस आली आणि पोरगं काळवंडलेल्या तोंडाने तुमच्यासमोर बसलं, तर त्याला या चार गोष्टी सांगा.

नोटीस घेताना तारीख घालून सही करा; घ्यायला नकार देऊ नका. नोटीस घेतली म्हणजे आरोप मानला असं होत नाही. त्याच रात्री उत्तर लिहायचं असेल तर खुशाल लिहा, पण पाठवू नका. माझी अकरा पानं अजून पेटीत आहेत. ज्या कागदांवर आरोप उभा आहे ते कागद मागा, आणि वेळ कमी पडत असेल तर मुदत वाढवून मागा, दोन्ही लेखी. गप्प बसून मुदत जाऊ देण्यासारखा दुसरा मूर्खपणा नाही. गप्प बसणाऱ्याची बाजू दुसरा कुणीतरी आपल्या मनाने लिहितो.

उत्तरात मुद्द्याला मुद्दा. खरं असेल ते पहिल्या वाक्यात मान्य करा, फाटे फोडू नका. आपण खरं तेवढं मानलं, की खोटं आहे ते नाकारताना आपल्या शब्दाला वजन येतं. जे नाकाराल त्याला कागद जोडा. वरच्यांना शिव्या नकोत, खालच्यावर ढकलणं तर मुळीच नको. वरच्याला तुमच्याशिवाय दहा वाटा असतात. खालच्याचं नशीब कधीकधी तुमच्या एका परिच्छेदावर टांगलेलं असतं आणि त्याला ते माहीतही नसतं.

आणि शेवटची छत्रीवाल्या सरांची. उत्तर लिहून झालं, की डोळ्यांपुढे साहेबाला आणू नका. तुमच्या चुकीने ज्याचं नुकसान झालं त्याला समोर बसवा आणि मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळेल, तिथे दुरुस्ती करा.

एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगून थांबतो. ज्या जवानाची बोटं गेली त्याला मी कधी भेटलो नाही. त्याला खाली लष्करी रुग्णालयात हलवलं होतं. नंतर माझी बदली झाली, मग वर्षं गेली. जायला हवं होतं. ठपक्याचं उत्तर मी वर पाठवलं. खाली पाठवायचं राहिलं. दोन पानांत मी सगळं खरं लिहिलं म्हणून मला जी थोडी शांती आहे, तिला एवढं एक छिद्र आहे, आणि त्याचं वॉशर मला अजून सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला अशी भेट द्यायची राहिली असेल, तर हा मेळावा संपल्यावर घरी जाण्याआधी ती वाट धरा. आपल्या वयाला आता बेगमीचे दिवस थोडे उरलेत.

सरांच्या त्या गृहपाठाला मला दहापैकी तीन गुण मिळाले होते. लडाखच्या दोन पानांची नक्कल मी इथे आणली आहे. सर असते तर त्यांच्यापुढे ठेवली असती. पाच तरी मिळाले असते, असं मला वाटतं.

आपल्या शाळेला, आपल्या गुरुजनांना नमस्कार करतो आणि थांबतो. बाहेर भजी गार होतायत.

जय हिंद, जय महाराष्ट्र!